पोकळ बंदूक

१

कारखान्याच्या भुयारात नव्या बंदुकीची चाचणी चालली होती आणि दुपारचा गोळीबार सुरू व्हायचा होता. भुयारातल्या सगळ्यांनी कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवले होते आणि दगडने रॅकवरची चार नंबरची बंदूक उचलली. एका हाताने, सरळ, जराही न डगमगता त्याने ती खांद्याला नेली, दस्त्यावर गाल टेकवला आणि तसाच थांबला. मग हेडफोन मागे सरकवून म्हणाला, "ही हलकी आहे."

"हलकीच बनवलीये हो," डिझाइनर कौतुकाने म्हणाला. आपल्या बंदुकीचं नाव काढलं की या माणसाचा चेहरा नात खेळवणाऱ्या आजोबांसारखा व्हायचा. "तीच तर तिची खुबी आहे."

"तसं नाही. आत काही नाहीये."

दगड हे त्याचं टोपणनाव. विशेष पथकातला हा पहिल्या नंबरचा नेमबाज. घर पेटलं तरी याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही, म्हणून पथकाने त्याला हे नाव दिलं होतं आणि आता त्याच्या आईखेरीज कुणी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. आताही त्याचा चेहरा तसाच होता. त्याने बंदूक टेबलावर ठेवली. मागचं झाकण उघडलं तर आत नुसता काळा पोकळ डबा. नळी नव्हती, गोळी उडवणारा बोल्ट नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. गोटा काढून घेतलेल्या नारळासारखं नुसतं कवच रॅकवर उभं होतं.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वहिनी पुढे झाल्या. कारखान्याच्या सुरक्षा विभागाच्या त्या प्रमुख. चोरी कुणाची, कशी, हे पुढचं पुढे. पण रॅकची चावी आज कुणाच्या कमरेला होती ते त्यांना आधीच माहीत होतं.

२

चावी होती शस्त्रागार सांभाळणाऱ्या भाऊजींच्या कमरेला. म्हणजे वहिनींच्या सख्ख्या दिराच्या. नवरा गेल्यानंतर वहिनी आणि हे दीर-जाऊ एकाच घरात राहत होते. भाऊजी कामावरसुद्धा त्यांना वहिनी म्हणून हाक मारायचे. बाकीच्यांनी तेच उचललं आणि बघता बघता अख्ख्या कारखान्याच्या त्या वहिनी झाल्या.

हत्यार किंवा हत्याराचा भाग गहाळ झाला की भुयाराचं पोलादी दार बाहेरून बंद करायचं, असा नियम होता. तो वहिनींनीच कधीतरी हौसेने लिहून मंजूर करून घेतला होता. त्यांनी फोन केला आणि दार धाडकन लागलं. दाराबरोबर मोठा पंखाही थांबला. आता उरली छपराजवळची एक छोटी जाळी आणि सकाळच्या गोळीबाराच्या जळक्या दारूचा वास.

फोनवर कारखान्याचे कमांडंट होते. "आत कोण कोण आहे?"

"मी, डिझाइनर, शस्त्रखरेदीचे साहेब, पथकाचा नेमबाज आणि शस्त्रागाराचे..." वहिनी अडखळल्या. "शस्त्रागाराचे प्रमुख."

"तुमचे दीर."

"हो."

"हे बघा, नळी सापडल्याशिवाय दार उघडणार नाही. अंधार पडेपर्यंत सापडली तर ठीक. नाहीतर लष्करी पोलीस आत येतील आणि ज्याच्याकडे चावी त्याला घेऊन जातील. हत्यार विकायला काढल्याचा आरोप लागला की माणूस परत कधी दिसतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुम्ही त्यांना पाठीशी घालताय असं मला नुसतं वाटलं, तरी तुम्हीही त्यांच्याबरोबर."

फोन ठेवला तेव्हा भाऊजी शेजारीच उभे होते.

"वहिनी, मी नाही हो. शपथ."

"इथे वहिनी म्हणू नका, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांना रडू की हसू तेच कळेना. घरी धाकटी जाऊ वाट बघत असणार. तिच्यासमोर एकटीने जाऊन कसं उभं राहायचं?

३

आधी शोधाशोध झाली. भुयाराच्या टोकाला गोळ्या अडवणारा वाळूचा ढीग उपसला, पेट्या उलट्या केल्या, जाळी उचकटून पाहिली. पुरुषांनी एकमेकांना चाचपलं. भाऊजींनी दगडच्या छातीवर, पाठीवर थापट्या मारल्या आणि हात झटकला, कारण त्याच्या बुलेटप्रूफ जाकिटात पोलादी पत्रे होते. साहेबांनी भाऊजींचे खिसे असे चिमटीत धरून तपासले की भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळी काही मिळाली नाही. तिचं माप फार नव्हतं म्हणा. ही बंदूकच मुळी आखूड. अरुंद जिन्यात, गाडीच्या दारात, खोल्याखोल्यांतून शिरणाऱ्या लोकांसाठी बनवलेली. हिला बुलपप म्हणतात. साध्या बंदुकीत गोळ्यांचं मॅगझिन चापाच्या पुढे असतं, हिच्यात मागे. सगळं यंत्र दस्त्यात, म्हणजे गोळी फुटते ती नेमबाजाच्या गालाखाली. लांबी वाचते ती अशी. नळीचं टोक जेमतेम कवचाच्या तोंडाशी येतं, म्हणून ती नसली तरी लांबून कळत नाही.

आणि खटका दाबून नळी बाहेर काढायला पापणी लवायचाही वेळ लागत नाही. डिझाइनरने दुसऱ्या एका बंदुकीवर ते अभिमानाने करूनही दाखवलं, आणि दाखवून झाल्यावर आपण काय सिद्ध केलं हे लक्षात येऊन घाईने ती परत रॅकला लावली.

वहिनींनी एकेकाला भुयाराला लागूनच्या शस्त्रखोलीत बोलावलं. खोली कसली, चाकांचा रॅक आत ढकलला आणि टेबल, दोन खुर्च्या ठेवल्या की वळायला जागा नाही. पंख्याअभावी भिंतींना घाम फुटला होता.

"चहाच्या सुट्टीत मी इथे आलो होतो, नाही म्हणत नाही," डिझाइनर म्हणाला. गळ्याशी शर्ट सैल करून तो सारखा दाराकडे बघत होता. "सगळेच आले होते. सुटे भाग माझ्या पेटीत आहेत, बघा. एक अख्खी नळी जादा आहे. मला चोरायचंय काय आणि कशाला? आजची चाचणी पास झाली की पथक हीच बंदूक घेणार. माझं अर्धं आयुष्य गेलंय हिच्यात."

खरेदीचे साहेब रुमालाने खुर्ची पुसून बसले. "मी वजन करून पाहायला आलो होतो. मला ही बंदूक आवडत नाही, हे मी लपवत नाही. बाहेरून मागवलेली घ्यावी असं माझं मत आहे. पण मत असणं म्हणजे चोरी नव्हे, बाई. तुमच्या दिरांचं काय ते बघा. सकाळी त्यांची आणि डिझाइनरची चांगलीच जुंपली होती."

"कशावरून?"

"त्यांनाच विचारा."

भाऊजींना विचारलं. "मी म्हटलं, चार नंबरची नळी मला नवी वाटत नाही," भाऊजी म्हणाले. "ते म्हणाले, तुम्ही तेल लावा, अक्कल लावू नका. झालं. मग मीही बोललो. चहाच्या वेळी मी रॅक उघडाच ठेवला, वहिनी. दुपारी परत गोळीबार होता, म्हणून. चुकलंच माझं."

शेवटी दगड आला. वहिनींनी खुर्ची दाखवली.

"उभाच बरा आहे."

"चहाच्या वेळी इथे आला होतात?"

"हो. हातमोजे राहिले होते."

"सकाळी चार नंबर कुणी उडवली?"

"मीच. थोड्या गोळ्या. मग सुट्टी झाली."

"कशी वाटली?"

त्याने हातमोजे नीट केले. त्याचा उजवा गाल डाव्यापेक्षा लालसर दिसत होता, की तो दिव्याचा खेळ होता कोण जाणे. "बंदुकीसारखी," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याच्या पाठोपाठ वहिनी बाहेर आल्या, तर साहेब भिंतीकडे तोंड करून पँटच्या खिशात काहीतरी खोल दाबत होते. खिशातून धातूचा बारीक आवाज आला.

"काय आहे ते?"

साहेबांनी कानांवर हात ठेवले. वहिनींनी सरळ खिशात हात घातला.

४

हाताला आली ती गोळी उडाल्यावर बाहेर पडणारी पितळी पुंगळी. पण नेहमीसारखी सरळ नव्हे. बुडाशी ती फुगली होती आणि फुगवट्यावर केसासारखी चीर होती.

"सकाळी चार नंबरमधून पडली," साहेब म्हणाले. पकडले गेल्यावर त्यांनी उलट आवाज चढवला. "मी उचलली. माझ्या अहवालाला लागणार होती. हो, लपवली. आत्ता दाखवली असती तर कारखान्याने ती गिळली असती, मागच्यासारखी."

"मागच्यासारखी म्हणजे?"

साहेबांनी डिझाइनरकडे बोट दाखवलं. डिझाइनर पेटीवर बसला होता. त्याचा चेहरा त्या भिंतींसारखा ओला झाला होता. अखेर भाऊजीच बोलले. मागच्या चाचणीत अपघात झाला एवढंच वहिनींना माहीत होतं; खरं तर याच बनावटीच्या बंदुकीचा स्फोट झाला होता. उडवणारा होता दगडचा जोडीदार. गोळी गालाखाली फुटली ती मागच्या बाजूने. पोराचा डोळा गेला, जबडा गेला. चौकशी बसली. बंदुकीत दोष नाही, त्याने गोळी चुकीची भरली, असा निकाल लागला. पथकातून नाव कापलं गेलं. आता त्याची आई त्याला घास भरवते.

"निकाल माझा नाही," डिझाइनर पुटपुटला. "समितीचा आहे."

वहिनींनी पुंगळी मुठीत धरली. डोकं भणभणत होतं. जाळीतून येणारा उजेड पिवळा होत चालला होता. अंधार पडायला आता फार अवकाश नव्हता आणि हातात होतं काय, तर चार माणसं आणि चौघांनाही कारण.

डिझाइनरने घसा कोरडा पडला म्हणून चहाचा मोठा थर्मास उचलला. साहेबांनी तो मघाशीच संपवला होता. भरलेला समजून त्याने हाताला जोर दिला आणि रिकामा थर्मास एकदम वर उसळला, टोपण उडालं, त्याच्याच कपाळाला कड लागली. एरवी सगळे खदखदून हसले असते.

वहिनी हसल्या नाहीत. त्या त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. मग हळूच वळून त्यांनी दुसऱ्या एका माणसाकडे पाहिलं.

५

"सगळे इकडे या," वहिनी म्हणाल्या. "मी बोलते. चुकले तर टोका."

चौघे टेबलाभोवती आले. तिघांनी बसायला पेट्या ओढल्या.

"चोराने कवच रॅकवर ठेवलं आणि आतलं नेलं. आता ही चोरी कधी उघडकीला येणार? पुढचा माणूस बंदूक उचलेल तेव्हा, म्हणजे आजच. आता बघा. साहेबांना ही बंदूक नापास व्हायला हवी होती. पुंगळी त्यांच्या खिशात होतीच. बंदूक दुपारी उडाली असती तर त्यांना आणखी पुरावा मिळाला असता. ते ती का बंद पाडतील?"

"तेच तर मी मघापासून—" साहेब म्हणाले.

"थांबा. डिझाइनरना नळी गायब करायची असती तर जादा नळी पेटीत होती. गुपचूप बदलली असती, कुणाला पत्ताही लागला नसता. आणि भाऊजींकडे चावी आहे. रोज संध्याकाळी ते इथे एकटे असतात. चार माणसं चहा पीत असताना त्यांना धावपळ करायची गरज काय?" भाऊजींचं नाव घेताना आवाज कापेल अशी त्यांना भीती होती. तो कापला नाही. "म्हणजे हे काम अशा माणसाचं, ज्याला एवढंच हवं होतं की चार नंबर आज उडू नये. आणि ते सगळ्यांसमोर, चाप दाबायच्या आधी उघडकीला यावं."

तिघे एकमेकांकडे बघू लागले.

"मी भिंतीशी उभी होते. बंदूक उचलताना पाहिलं मी. सकाळी तिच्यातून गोळ्या झाडलेला माणूस, वजन हातात बसलेलं. ती अर्ध्याहून हलकी झालेली असताना त्याचा हात थर्माससारखा वर उडायला हवा होता. उडाला नाही. ती हलकी आहे हे हाताला आधीच ठाऊक होतं." वहिनी वळल्या. "आणि दार बंद झाल्यापासून तुम्ही एकदाही बसला नाहीत की वाकला नाहीत. जाकिटात पत्रे आहेत, म्हणून चाचपताना काही लागलं नाही. आमचा मूर्खपणा. काढा ते जाकीट."

दगडने जाकिटाच्या पट्ट्यावर हात ठेवला, पण तो सोडला नाही.

"आधी सांगा, कुणाला देणार आहात," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मागच्या वेळी बंदूक मीच वर्कशॉपमध्ये नेऊन दिली होती. माझ्या जोडीदाराच्या रक्ताने भरलेली. धावताना नळीचं टोक दाराच्या चौकटीवर आपटलं आणि खाच पडली. आज सकाळी गोळी झाडताना गालावर गरम वाफ आली. चहाच्या वेळी उघडून बघितलं, तर कवच नवं आणि नळी तीच. माझ्या हातची खाच." त्याचा आवाज वर चढला नव्हता, पण ओठ थरथरत होते आणि हे सगळ्यांना दिसत होतं. "मी घाबरलो. दुपारी याच बंदुकीतून सलग शेकडो गोळ्या झाडायच्या होत्या. नाही म्हटलं असतं तर पथकात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मग काढून घेतली. वाटलं, चाचणी पुढे ढकलतील. दार बंद होईल, तुमच्या दिरांवर येईल, हे माहीत नव्हतं. कळलं तेव्हा बोलायला हवं होतं. पण नळी खाली ठेवली की पुन्हा कारखान्याच्याच हातात जाणार. मग जोडीदाराकडे पुरावा काय राहणार?"

"माझ्या हातात द्या," वहिनी म्हणाल्या.

त्याने त्यांच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं. मग जाकिटाचे पट्टे सोडले. पाठीच्या कण्याला कापडी पट्टीने बांधलेली नळी सुटली. बोल्ट पुढच्या खिशात होता. नळी रुतून पाठीवर लांबलचक वळ उठला होता. भाऊजींनी तो बघितला आणि तोंड फिरवलं.

नळीच्या टोकाला खाच होती. दुसऱ्या टोकाला, जिथे गोळी बसते तिथे, वहिनींनी नख फिरवलं. नख चिरेत अडलं.

६

वहिनींनी फोन लावला आणि नळी सापडल्याचं सांगितलं.

"छान!" कमांडंट म्हणाले. "मग बसवा आणि चाचणी उरकून टाका. निकाल आज वर जायचाय. कुणी घेतली होती ते बाहेर आल्यावर बघू."

वहिनींनी फोन ठेवला नाही, बाजूला टेबलावर उताणा ठेवला. मग नळी आणि बोल्ट डिझाइनरपुढे सरकवले.

"बसवा."

डिझाइनरने बसवली. सवयीचे हात होते, खट्कन आवाज झाला आणि पोकळ कवचाची पुन्हा बंदूक झाली.

"ही तीच नळी आहे, तुम्हाला ठाऊक होतं?"

"नळ्या कमी होत्या," तो घाईघाईने म्हणाला. "मुदत जवळ आली होती. आणि समितीने निकाल दिला होता ना, चूक माणसाची म्हणून. चूक माणसाची म्हटल्यावर नळी निर्दोषच ठरते. निर्दोष नळी भंगारात टाकायची म्हटलं तर कारण काय लिहिणार? मी तपासली होती. मला काही दिसलं नाही."

"जादा नळी पेटीत असताना?"

"ती गेल्या आठवड्यात आली. तोपर्यंत ही बसवली होती." तो थांबला. "मग राहून गेलं."

"ठीक. तपासली आहे तर भीती कसली? दगड आज उडवणार नाहीत. तुम्ही उडवा."

"मी? मी नेमबाज नाही."

"नेम कुठे लावायचाय? वाळूचा ढीग समोर आहे. गाल टेकवा आणि चाप दाबा. एकच गोळी."

त्याने बंदूक उचलली. आता ती जड होती. खांद्याला लावली, मान वाकवली. गाल आणि दस्ता यांच्यात बोटभर अंतर राहिलं. त्याने ते मिटवायचा प्रयत्न केला, सगळ्यांनी पाहिलं. डोळे घट्ट मिटले, मान आणखी वाकवली. अंतर तेवढंच राहिलं. कपाळावरचा घाम दस्त्यावर टपटपला.

डिझाइनरने बंदूक खाली ठेवली. मग तो फोनपाशी गेला.

"सर, ऐकताय ना," तो म्हणाला. "मी उडवणार नाही. नळीला चीर आहे. तीच नळी आहे ही. त्या पोराने गोळी बरोबर भरली होती, सर. चूक त्याची नव्हती. माझी होती. मी समितीपुढे गप्प बसलो."

पलीकडून श्वासाचा आवाज आला. मग फोन बंद झाल्याचा खटका. थोड्या वेळाने दाराच्या कड्या सरकू लागल्या.

"घरी जा, भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "तिला सांगा, मला उशीर होईल."

भाऊजींनी डोळे पुसले आणि दगडच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. पोलीस दगडला नेणार होते, यात शंका नव्हती. हत्याराचा भाग लपवला होता त्याने, नियम नियम होता, आणि तो वहिनींनीच लिहिला होता.

"एक करा," दगड म्हणाला. "मी घाबरलो होतो हे पथकात सांगू नका."

"सांगणार. चौकशीत माझी साक्ष होईल तेव्हा पहिलं वाक्य तेच असेल," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या जोडीदाराला कुणी घाबरू दिलं नाही, म्हणून त्याचा डोळा गेला."

दार उघडलं. दोन लष्करी पोलीस आत आले. एक दगडकडे गेला, दुसऱ्याने टेबलावरच्या बंदुकीकडे हात केला. वहिनींनी त्याआधीच खटका दाबून नळी बाहेर काढली होती.

"ती द्या, बाई. जप्त करायची आहे."

"हिच्या जप्तीची पावती त्या पोराच्या आईच्या नावाने फाडा, म्हणजे हिचा हिशोब त्या मागू शकतील," वहिनी म्हणाल्या. "तोपर्यंत ही माझ्या हातात राहील. मी तुमच्याबरोबरच येते."

आणि नळी पोटाशी धरून त्या दगडच्या बाजूने चालू लागल्या.